पट्टीवरचा मणी

१ सप्टेंबर, सोमवार

ही वही गिऱ्हाइकांच्या मापांची. पुढून छाती-कंबर-बाही आणि मागची चाळीस पानं कोरी. आजपासून मागून लिहिणार आहे, कारण कोणाशी बोलायची सोय नाही आणि न बोलता माझं पोट फुगतं.

विषय एकच, आमचे हे. सव्वीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासतात. अनुस्वार सुटलेला दिसला की यांना घास गोड लागत नाही. पूर्वी कागदाची भेंडोळी घरी यायची, आता पानं ब्राउझरमध्ये उघडतात. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार घरूनच काम, खिडकीजवळच्या टेबलावर. मी त्याच खोलीत दुसऱ्या टोकाला तुरपाई आणि काजबटणं करते. इतकी वर्षं मजेत चाललं होतं.

लग्नापासूनचा एक नेम होता. सकाळी चहा झाला की हे माझ्यासाठी दहा सुया ओवून टाचणीच्या गादीवर लावून ठेवायचे. मला दोरा ओवता येत नाही, जवळचं दिसत नाही नीट. त्या दहा सुया मला दिवसभर पुरायच्या, कधी संपलेल्या आठवत नाहीत. गेले तीन आठवडे गादी रिकामी. विचारलं तर म्हणतात, "अगं, उशीर होतोय."

खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला जायला कसला उशीर?

४ सप्टेंबर, गुरुवार

आता मुळावर येते. कचेरीत एक बाई आहे, संगणकाचं सगळं बघते. फोनवर बोलतानासुद्धा तिची बोटं कळफलकावर चालू असतात, मागून टकटक ऐकू येतं. मी तिचं नाव टकटक ठेवलंय. कचेरीच्या कार्यक्रमात एकदा लांबून पाहिलीय, पस्तीस-छत्तीसची असेल. तिनं यांचा ब्राउझर पार बदलून दिला. काळी पाटी, तिच्यावर पिवळी अक्षरं, एकेक अक्षर माझ्या कोटाच्या बटणाएवढं. चित्रं बंद. आणि वर आणखी काय, तर खिडकी मिटली की काय काय पाहिलं याची यादी आपोआप पुसली जाते. हे मला कसं कळलं? यांनी दार उघडायला उठताना सगळं मिटलं, तेव्हा मी यादी बघायला गेले. स्वच्छ! धुतल्यासारखी!

लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस पुसतो कशाला?

आणि यांनी चष्मा सोडलाय. वीस वर्षांचा चष्मा, आता टेबलाच्या खणात. मी म्हटलं, "अहो, चष्मा कुठाय?" तर म्हणाले, "काय उपयोग त्याचा आता."

म्हणजे बघा. पंचावन्नाव्या वर्षी तरुण दिसायचंय. चष्मा लावायचा नाही, मग अक्षरं दिसणार कशी? म्हणून ती बटणाएवढी केली. कोणी केली, ते लिहिलंच आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

काल संध्याकाळी अस्तराचं कापड घेऊन येत होते. चौकात पलीकडच्या पदपथावर हे. शेजारी टकटक. शुक्रवार घरच्या कामाचा, आणि हे "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गेलेले! सिग्नल पडला आणि तिनं यांचा कोपर धरला. सरळ धरला, सगळ्या जगासमोर, आणि रस्ता पार होईपर्यंत सोडला नाही.

मी तिथेच उभी. हे माझ्या बाजूला आले, दोन हातांवरून गेले, माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं आणि पुढे निघून गेले. अनोळखी माणसाकडे बघतात तसं. पिशवी खाली पडली ती उचलायचं भान नव्हतं.

घरी आल्यावर काही बोलले नाहीत. मीही नाही. भाजीत मीठ जास्त पडलं, तेही निमूट खाल्लं. अपराधी माणूस असाच खातो.

८ सप्टेंबर, सोमवार

धाकट्या नणंदेला फोन केला. ती शाळेत मुलांना संगणक शिकवते. खरं कारण सांगितलं नाही, म्हटलं, "अगं, या पडद्यावरची अक्षरं फार मोठी झालीत, लहान कशी करायची?"

"वहिनी, सोपंय. वर कोपऱ्यात तीन ठिपके आहेत ना, तिथे जा. सेटिंग्ज. मग स्वरूप. तिथे एक आडवी पट्टी दिसेल, तिच्यावर गोल मणी. डावीकडे ओढला की अक्षर लहान, उजवीकडे मोठं. बाजूला आकडा येतो. पण दादाला विचारून कर हं."

विचारते तर.

हे अंघोळीला गेले तेव्हा केलं. आकडा चाळीस होता, सोळावर आणला. काळी पाटी पांढरी केली. चित्रं चालू. तिचा हात या घरातून पुसून काढला, असं वाटलं. चहा करून प्यायले, गोड लागला.

हे टेबलापाशी बसले. मग पडद्याच्या इतकं जवळ गेले की नाक टेकेल. माझ्याकडे वळून म्हणाले, "वीज गेली होती का गं मधे?"

"नाही बाई," मी म्हटलं आणि दोरा दातानं तोडला.

१० सप्टेंबर, बुधवार

चांगली अद्दल घडली मला. यांनी तिला फोन केला आणि ती घरी आली! माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून पाच मिनिटांत सगळं होतं तसं करून दिलं. "सर, आता वाचा बरं," म्हणाली आणि हे लहान मुलासारखे हसले. माझ्याकडे बघून असं हसून किती दिवस झाले?

मी चहा दिला. कप आपटला नाही, पण हळूही ठेवला नाही. जाताना ती दारात घुटमळली.

"ताई, सर तुमच्याशी बोललेत ना?"

"कशाबद्दल?"

तिनं आत बघितलं. आतून यांचा आवाज, "अहो, उशीर होईल तुम्हाला, निघा तुम्ही."

बोललेत का, म्हणे! म्हणजे बोलायचंय काहीतरी, आणि ते ठरलंय दोघांचं. अंगाचा तिळपापड झाला. दिवसभरात एक हूक सरळ लागला नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रात्री नीट झोप नव्हती, पण सकाळी डोकं चाललं. एकदम सगळं बदललं की यांना कळतं, मग ती येते. मी मोडते, ती जोडते, आणि त्या निमित्तानं घरात शिरते. तर मग एकदम करायचंच नाही. काळी पाटी काळीच ठेवायची. फक्त मणी हलवायचा, आणि तोही इतका की कळू नये. शिलाईतही असंच करतात. गिऱ्हाईक जाड होत चाललं तर दर वेळी दोरीएवढी कंबर सोडायची, त्याला वाटतं अंग तेवढंच आहे.

अक्षर लहान होत गेलं की चष्मा काढावाच लागेल खणातून. हे माझं गणित. तरुणपणाचं सोंग उतरेल, माझा नवरा मला परत मिळेल.

आज चाळीसचे अडतीस केले. कळलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

पस्तीस. आज चष्मा निघाला! खणाचा आवाज आला तशी मी मान वर केली. यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मला हसू आवरेना, कापडात तोंड खुपसलं.

थोड्या वेळानं पुन्हा काढून ठेवला. असू दे. सुरुवात झाली.

१७ सप्टेंबर, बुधवार

तेहेतीस. आज एक वेगळंच झालं. हे म्हणाले, "अगं, जरा येतेस? हा शब्द काय आहे बघ."

मी उठून गेले. शेजारी स्टूल ओढून बसले. मी वाचला तो शब्द. मग पुढचा. मग अख्खी ओळ. हे डोळे मिटून ऐकत होते आणि "इथे वेलांटी कोणती आहे?" असं विचारत होते. मी सांगायची. चार पानं आम्ही अशी केली. यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. लग्न झाल्यावर हे मला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, मी भाजी निवडायची, त्याची आठवण आली.

खरं लिहू? मला रडू येत होतं आनंदानं. आणि मनात आलं, की अजून थोडा मणी सरकवला तर रोज असं बोलावतील.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तीस. आज सहा पानं वाचून दाखवली. माझी तुरपाई राहिली, एक गिऱ्हाईक कुरकुरलं, तर म्हटलं, "थांबा जरा, घरात महत्त्वाचं काम चाललंय." महत्त्वाचं काम! मी! मजा वाटली.

एकच गोष्ट खटकली. चहा ओतताना यांनी कपाच्या बाजूला ओतला, सरळ टेबलावर. "लक्ष कुठाय तुमचं?" मी ओरडले. हे फडकं शोधत हात फिरवत राहिले, मीच पुसलं. लक्ष कुठे आहे ते मला माहीत आहे, म्हणूनच तर ओरडले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सव्वीसवर आणलाय. आज कचेरीचा दिवस. हे दुपारीच परत आले, आणि कसे? काळा चष्मा घालून! जणू चित्रपटातले नायक. साधा चष्मा नको, पण हा चालतो. सोबत कोण, तर दारापर्यंत टकटक. तिनं त्यांना पायऱ्यांशी सोडलं, मी गॅलरीतून पाहिलं. "एक, दोन, तीन" असं काहीतरी दोघं मिळून म्हणत होते. खेळ मांडला होता पायऱ्यांचा.

आत आले ते पलंगावर आडवे झाले. पडदे ओढून घ्यायला सांगितले, उजेड खुपतो म्हणाले. मी पडदे ओढले ते फाटतील अशा जोरानं.

"अहो, एक सांगा. ती इतकी चांगली आहे का?"

"फार चांगली आहे," हे म्हणाले. डोळ्यांवर हात होता. "तिनं नसतं धरलं तर मी कधीच पडलो असतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. मग आत येऊन मणी आणखी ओढला. बावीस.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बावीसच आहे. दोन दिवस हात लावला नाही, आणि आज पाहिलं ते बावीसच.

लिहवत नाही, पण लिहिते. सकाळी हे टेबलापाशी बसले नाहीत. माझ्या समोर, कापडाच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसले.

"तुला सांगायचं होतं. आधीच सांगायला हवं होतं. मी काल नोकरी सोडली."

मला वाटलं आता तिचं नाव येणार. मी कात्री घट्ट धरून बसले होते.

"डोळ्यांचा पडदा खराब होतोय माझा. मधोमध धूसर दिसतं. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. चष्म्यानं काही होत नाही. चेहरे ओळखू येत नाहीत. तुझाही, जवळ आल्याशिवाय." मग म्हणाले, "सुया जमेनात, तेव्हा कळलं मला पहिल्यांदा."

मी कात्री खाली ठेवली.

"डॉक्टर म्हणाले होते, हळू जाईल, वर्षं लागतील. तोवर अक्षर मोठं करून काम होईल. झालंही. पण या पंधरा दिवसांत बघता बघता उतरले डोळे. रोज अक्षर बारीक दिसायला लागलं. मंगळवारी डोळ्यांत औषध घालून तपासलं, डॉक्टर म्हणतात काही फरक नाही. माझं मन राखायला म्हणत असणार. पान माझ्यासमोर आहे ना, मला दिसतंय ना. परवा एका पानात एकोणीस चुका राहिल्या. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. कोणी काढून टाकायच्या आत आपणच जावं, म्हणून पत्र दिलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू माझ्या सुयांच्या भरवशावर बसलेली," हे म्हणाले. "कसं सांगू?"

२७ सप्टेंबर, शनिवार

पहाटे उठून मणी चाळीसवर नेला. घाईत आधी पन्नासवर गेला, मग मागे आणला. यांना हाताला धरून टेबलाशी बसवलं. "वाचा."

हे वाचू लागले. एक ओळ, दुसरी, सगळं पान. वळले तेव्हा चेहऱ्यावर जे होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही.

"अगं, दिसतंय! आज दिसतंय मला!"

खोटं लिहीत नाही. मनात आलं की गप्प बसावं. डोळे सुधारले म्हणून हे आनंदात राहतील, मी सुटेन, कोणाला कळणार आहे? मी तोंड उघडलं ते "किती छान" म्हणायला. आणि तोंडातून निघालं, "मी केलं होतं."

"काय?"

"अक्षर. रोज थोडं थोडं लहान. चाळीसचं बावीस केलं मी. तुमचे डोळे होते तेवढेच आहेत."

"का?"

"मला वाटलं, तुम्ही तिच्यासाठी चष्मा सोडलात."

हे हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. म्हणाले, "मी पंधरा दिवस मोजत होतो. अजून किती दिवस उरले, ते." आणि उठून भिंतीला हात लावत लावत आतल्या खोलीत गेले. मला कळलंच नव्हतं की हे असे भिंतीला हात लावत चालतात. केव्हापासून?

२९ सप्टेंबर, सोमवार

बोलत नाहीत. जेवतात, धन्यवाद म्हणतात. परक्या घरी पाहुणे असल्यासारखे. नणंदेला फोन करून सगळं सांगितलं. ती रागावेल वाटलं होतं, पण रागावली नाही. मग म्हणाली, "वहिनी, आता रडत बसू नकोस. कचेरीत जा."

१ ऑक्टोबर, बुधवार

गेले. तीन माळे चढले. टकटक पडद्यासमोर बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही, तिला काय काय समजत होते तेही. तिच्या बोटांची टकटक थांबली होती.

"ताई," ती म्हणाली, "माझ्या आईचं असंच झालं. तिनंही कोणाला सांगितलं नाही. गॅसवर हात भाजला तेव्हा कळलं आम्हाला. सरांना मी रोज म्हणायचे, घरी सांगा, घरी सांगा."

"आणि मला तुम्ही का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातली होती." मग जरा हसली. "आणि तुम्ही चहा असा दिलात की, धीरच झाला नाही."

मला लाज वाटली, तरी हसू आलं. ती मला घेऊन साहेबांकडे गेली. राजीनामा मंजूर झाला होता. शब्दकोशाचं काम दुसऱ्या माणसाला दिलंय, ते परत मिळणार नाही. पुरवणीची पानं येतील, महिन्याला थोडीच, आणि तीही महिनाभर पारखून. मी हो म्हणून आले. एवढंच वाचवता आलं मला.

निघताना तिला म्हटलं, "मला ते सगळं शिकवा. काळं-पिवळं कसं करायचं, चित्रं कशी बंद करायची. नवीन पान आलं की दर वेळी तुम्हाला त्रास नको." तिनं खुर्ची ओढून मला बसवलं. तासभर बसले. आकडा किती ठेवायचा ते मी विचारलं. ती म्हणाली, "ते सरांना विचारायचं, ताई. दर वेळी."

४ ऑक्टोबर, शनिवार

पुरवणीचं पहिलं पान आलं. मी शेजारी बसले आणि विचारलं, "मणी कुठे ठेवू?"

"थोडा उजवीकडे. अजून. बस."

चाळीसच आला. एवढंच बोलणं झालं, पण झालं. काम संपल्यावर मी माझ्या जागी येऊन वही उघडली. मला वाटलं यांना दिसत नाही.

"काय लिहितेस रोज?"

"मापं."

"मापं लिहिताना कोणी रडत नाही."

मग सांगितलं. हे म्हणाले, "वाचून दाखव. पहिल्यापासून." मी म्हटलं, नको, तुम्हाला राग येईल. "तो आलेलाच आहे. वाच."

वाचायला लागले. वही, माझं पोट फुगणं, ते सगळं वाचताना माझाच आवाज मला चोरट्यासारखा लागत होता. सुयांपाशी आले. 'हे माझ्यासाठी दहा सुया ओवून...'

"चूक," हे म्हणाले.

"काय चूक?"

"दहा नाही. बारा. दोन मी गादीच्या मागच्या बाजूला लावायचो. तू कामात असलीस की मागून चाचपून घ्यायचीस आणि मोजायची नाहीस. संपल्या तर माझी वाट बघत बसायला लागू नये तुला, म्हणून."

कधी संपलेल्या आठवत नाहीत, असं मीच तर लिहिलंय वर.

मला पुढे वाचता येईना. हे मुद्रितं तपासताना बोलतात त्या आवाजात म्हणाले, "आधी दुरुस्त कर. मग पुढे जाऊ."

मी 'दहा' खोडलं आणि वर मोठ्या अक्षरात, त्यांना दिसेल एवढं, बारा लिहिलं.